लाजरीचा नंबर

वत्सू,

तुझ्या घरी सतरंजीवर बसून मी रोज एकच वाक्य ऐकते आहे. "मॅडम फार शांत स्वभावाच्या होत्या." कॉलेजातले म्हणतात, शेजारचे म्हणतात, ज्यांना तू वर्गाबाहेर काढलं होतंस ते विद्यार्थीसुद्धा म्हणतात. दर वेळी मला तुझ्या फोटोकडे बघून डोळा मारावासा वाटतो. शांत! नार्नूरच्या बाजारात तू एका बियाणेवाल्याशी ज्वारीच्या कणसावरून असा वाद घातलास की शेजारचा बांगडीवाला दुकान सोडून मध्ये पडला. ती तू शांत! माणूस गेलं की त्याला अशी इस्त्री करून ठेवतात बहुतेक.

म्हणून लिहायला बसले. तुझ्या पदव्या, तुझी नोकरी, तुला मिळालेली शाल आणि नारळ, हे सगळं दुसरे कुणीतरी लिहितील. मला तुझ्याशी बोलायचंय. आपला वाद अजून मिटलेला नाही, आणि मध्येच उठून जायची तुझी सवय मला कधीच पटली नव्हती.

वाद सुरू झाला ऐंशीच्या दशकात. तेलुगू मुलखाच्या सीमेवर, आदिलाबादला, तू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचीस, मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. हैदराबादकडच्या एका मोठ्या संशोधन केंद्रानं गावोगावच्या जुन्या ज्वाऱ्या गोळा करायला घेतल्या होत्या. संकरित बियाणं सगळीकडे पसरायच्या आत जुनं जे आहे ते जपून ठेवायचं, असं ते काम. तू खाकी पाकिटं, कापडी पिशव्या आणि दोऱ्याला बांधायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस.

"सुमे, चाल."

"कुठं?"

"गावोगाव. कनसं गोळा करायची हायेत."

"त्यात माझं काय काम?"

"मले तेलुगू येत नाई, तुले येते. अन् एकटी बाई फिरून राह्यली तं लोकं तिले पाहत बसतात. दोघी असलो की आपन लोकायले पाहू."

मी चपला घातल्या. तेव्हापासून कितीतरी वर्षं प्रत्येक हिवाळ्यात मी चपलाच घालत आले.

पहिलंच गाव नार्नूरच्या पुढचं. खांद्याला पिशव्या, हातात कागद, अशा दोन साड्यावाल्या बाया बांधावरून येताना दिसल्या आणि ज्वारी कापणाऱ्या एका बाईनं आरोळी ठोकली, "ऑपरेशनवाल्या आल्या व माय!" क्षणात शेत रिकामं. कुटुंबनियोजनवाल्यांना लोक घाबरायचे असे ते दिवस. सगळ्या बाया उभ्या पिकात घुसून बसल्या, कुठं एखादं पातळ हललेलं दिसायचं तेवढंच. मी म्हटलं, परत जाऊ. तू मात्र बांधावर चढलीस आणि गळा काढून ओरडलीस, "अवं बायांनो, आमी मानसाचं बी बंद करायले नाई आलो! ज्वारीचं बी मांगायले आलो!"

मग पिकातून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरीकडून. बघता बघता ती अख्खी ज्वारी हसायला लागली आणि एकेक डोकं वर आलं. त्या दिवशी आपल्याला कणसंही मिळाली आणि आंबीलही मिळाली.

संध्याकाळी तू पाकिटांवर नंबर घालायला बसलीस. पहिल्या पाकिटावर लिहिलंस, "व-सु १". मला वाटलं, वत्सू म्हणजे तूच. मी चिडवलं, "सगळ्या जगाला स्वतःचंच नाव देतेस का?" तू चष्म्यावरून पाहिलंस. "व म्हंजे वत्सला, सु म्हंजे सुमित्रा. काऊन? नको काय तुले?"

मी पुढचं पाकीट तुझ्या हातात दिलं. त्यावर बोलायचं राहूनच गेलं, ते आता बोलते. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात ज्वारी खुडायला जायची, त्यात तुझ्या माहेरचंही शेत होतं. माझ्या वडिलांचं नाव भीमराव, पण गावच्या कागदावर शेवटपर्यंत "भिम्या" असंच राहिलं. आणि तू, त्या शेताच्या मालकाची लेक, एका सरकारी पाकिटावर माझं अक्षर तुझ्या अक्षराच्या शेजारी लिहून मोकळी झालीस, जणू त्यात विशेष काहीच नाही. तुला त्यात विशेष वाटलं नाही, हेच माझ्यासाठी विशेष होतं.

मग वांकिडीकडच्या गावात आपल्याला गयाबाई भेटली. तिच्या शेतातली ज्वारी पाहून तू बोलता बोलता थांबलीस. पिवळसर दाण्याचं, गच्च भरलेलं कणीस, आणि देठ असा वळलेला की कणसाचं तोंड जमिनीकडे. मान खाली घालून उभ्या असलेल्या नव्या नवरीसारखं सगळं शेत.

"हिचं नाव लाजरी," गयाबाई म्हणाली. "पाऊस आला तं पानी पाठीवरून चाल्लं जाते. अन् पाखराले बसाले जागाच नाई. त्याचे पाय घसरते."

तू ते कणीस मुलाच्या हनुवटीला लावावा तसा हात लावून उचललंस. पाकिटावर आलं, "व-सु ३१".

पुढच्या गावात तीच ज्वारी दिसली. तिथं तिला "मानमोडी" म्हणत होते. त्याच्या पुढच्या तेलुगू गावात नुसतंच "पच्च जोन्ना", म्हणजे पिवळी ज्वारी. आणि चौथ्या गावात एका म्हाताऱ्यानं मोठ्या अभिमानानं "आमची लाजरी" म्हणून जे कणीस आणून दिलं ते लालसर, विस्कटलेलं आणि काठीसारखं ताठ! तू आनंदानं टाळी वाजवलीस. म्हाताऱ्याला वाटलं त्याच्या कणसाचं कौतुक चाललंय. तोही खूश झाला.

वांकिडीच्या बस स्टँडवर शेंगा खात आपण भांडलो ते यावरूनच. "पाह्य सुमे," तू म्हणालीस, "एकाच कनसाले तीन नावं. अन् एकाच नावाची दोन कनसं. उद्या दूरच्या मानसाले हे बी पाह्यजे असंन तं त्यानं काय मांगावं? नाव हाक मारायले ठीक हाय. शोधायले नंबरच लागते. केंद्रवाले पाकीट आलं की त्याले आपला एक कायमचा नंबर देतात. तो दुसऱ्या कोनाले कंदीच देत नाईत. बी मेलं तरी नाई."

मला राग आला. मी म्हटलं, "नावाचं महत्त्व तुला कळायचं नाही. तुझ्या घरच्यांची नावं कागदावर नेहमीच नीट उतरली. आम्हाला आमचं नाव नीट लिहून घेण्यात पिढ्या गेल्या. आणि आता या ज्वारीचं नाव पुसून तिला कैद्यासारखा नंबर द्यायचा?"

तू एक शेंग फोडलीस. मग हळू म्हणालीस, "म्हनूनच तं म्हनतो. नाव कोनी बी बिघडवते. तुह्या बाबाचं बिघडवलंच ना? नंबर बिघडवता येत नाई."

"नंबर बिघडला तर कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही," मी म्हटलं.

यावर तू पुडाच आपल्याकडे ओढलास. आणि माझ्या वाटच्या शेंगाही खाल्ल्यास.

शेवटी तोडगा तूच काढलास. आधी नंबर, आणि त्याच्या शेजारी नाव, गाव, आणि जिनं बी दिलं त्या बाईचं नाव, तिनं सांगितलं तसंच. केंद्राच्या छापील कागदावर त्याला जेमतेम बोटभर जागा होती. तू समासात लिहिलंस, समास भरला तर मागच्या बाजूला लिहिलंस. काही महिन्यांनी केंद्राकडून टाइप केलेली यादी आली. त्यांनी आपली लाजरी इंग्रजीत एका पानावर एक तऱ्हेनं लिहिली होती, दुसऱ्या पानावर दुसऱ्या. एका ठिकाणी तर तिची "लाझारी" झाली होती. नंबर मात्र सगळीकडे एकच, बरोब्बर. ती यादी नाचवत तू माझ्या शाळेत आलीस आणि मुलांसमोर म्हणालीस, "बोल आता!" मुलांना काही कळलं नाही, पण त्यांनीही टाळ्या पिटल्या.

मग नव्वदचं दशक आलं. जिकडे तिकडे कापूस, आणि ज्वारी म्हटली तर बुटकी, ताठ, संकरित. दोष द्यावा असं काही नव्हतं. उतारा चांगला होता. पण एका वर्षी दाणा पिकल्यावर पाऊस येऊन बसला, तो हटेचना. ताठ कणसांत पाणी मुरलं आणि दाणा काळा पडला. गयाबाई बसनं आदिलाबादला तुझ्या घरी आली. मी तिथंच होते. तिनं ओटीतली ज्वारी तुझ्या पेपरवर ओतली. बुरशीनं राखेसारखी झालेली.

"याची भाकर खाऊन पाहा बाई," ती म्हणाली. "मव्हं लाजरीचं बी तुमी नेलं होतं ना? आता ते वापस द्या. माह्याजवळ नाई राह्यलं. गावात कोनाजवळच नाई राह्यलं."

कणसं मागताना आपण गावोगाव हात पसरले होते. परत कुणी मागेल असं मनातही आलं नव्हतं. तू म्हणालीस, "देतो, गयाबाई. नक्की देतो."

शेतीखात्यातल्या एका भल्या साहेबानं पुढाकार घेतला. त्यानं केंद्राला लिहिलं, लाजरी नावाच्या ज्वारीचं बी पाठवा. बी आलंसुद्धा. गयाबाईनं ते बांधाकडेच्या चांगल्या तुकड्यात पेरलं, निंदलं, राखलं. कणीस बाहेर पडलं आणि ताठ उभं राहिलं. लालसर, विस्कटलेलं. त्या म्हाताऱ्याची लाजरी!

"हे तं पोलिसावानी उभी हाय," गयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हिले काय म्हनून लाज येईन?"

सगळे हसले. तू हसली नाहीस. गावात एकजण म्हणालाच, "बाया बी घेऊन गेल्या, हैदराबादेत खाऊन टाकलं." तुला मी तेव्हा पहिल्यांदा गप्प पाहिलं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू मला एसटीडी बूथवर ओढत नेलंस. लाइन खराब होती. केंद्रातल्या माणसाला तू आधी त्यांचा कायमचा नंबर सांगितलास, इंग्रजीत, एकेक आकडा वेगळा करून. त्याला ऐकू येईना. मग आपला नंबर सांगितलास. तोही ऐकू येईना. शेवटी मी फोन हिसकावला आणि तेलुगूत 'एकतीस' म्हणून ओरडले, "मुप्पै ओकटि! व-सु, मुप्पै ओकटि!" बाहेर रांगेत उभी असलेली माणसंही मदतीला धावली आणि काचेबाहेरून "मुप्पै ओकटि, मुप्पै ओकटि" असा गजर सुरू झाला. पलीकडचा माणूस म्हणाला, "कळलं अम्मा, कळलं. केंद्राचा नंबरही जुळतोय. गाव वांकिडीकडचं, बाईचं नाव गयाबाई. बरोबर?"

तू बूथच्या भिंतीला टेकलीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "नाव बी हाय त्याच्याजवळ." समासात लिहिलेलं तुझं सगळं त्यांनी उतरवून घेतलं होतं.

बी आलं ते मूठभर. शीतघरात इतकी वर्षं झोपलेलं. गयाबाईनं ते तळहातावर घेतलं, हुंगलं, एक दाणा दाताखाली फोडला. "दिसते तं तेच. पन मान झुकल्याशिवाय मी मानत नाई."

त्या पावसाळ्यात तू किती वेळा वांकिडीला गेलीस ते तुझ्या घरच्यांनाच माहीत. पानांच्या पोटरीतून कणीस बाहेर आलं तेव्हा ते सरळच होतं. तू जेवली नाहीस. गयाबाईनं तुला समजावलं, "अवं, नवरी बी मांडवात आल्यावरच मान खाली घालते. थांब जराशी." मग एक दिवस तिचा निरोप आला. आपण पोचलो तर तो लहानसा तुकडा सगळाच्या सगळा मान वाकवून उभा. तू पिशवी बांधावर टाकलीस, गयाबाईचे हात धरलेस आणि वाटेतच फुगडी घालायला सुरुवात केलीस. दोघींची वयं पाहता ती फुगडी पडणार हे ठरलेलंच होतं. पडलात. उठून पुन्हा घातलीत.

त्या तुकड्यातलं बी पुढच्या वर्षी शेजारी गेलं, मग गावभर, मग लेकीबाळींबरोबर सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातल्या गावांत. ज्यानं बी खाऊन टाकलं म्हटलं होतं, तोही पायली घेऊन आला. तू त्याला काही बोलली नाहीस. हे मात्र शांत स्वभावाचं म्हणायला हरकत नाही.

आणि आमना! सुदानहून केंद्रात शिकायला आलेली ती उंच, हसरी मुलगी. तिच्या देशातही भाकरी ज्वारीचीच, आणि तिथंही पिकल्यावर बुरशीचा त्रास. केंद्रातल्या कॉम्प्युटरला तिनं विचारलं, बुरशी न धरणाऱ्या ज्वाऱ्या कोणत्या? त्यानं नंबर दिले. त्यातल्या एका नंबराच्या मागे कितीतरी लोकांचं काम जमा झालेलं होतं. एकानं दाण्याची साल तपासली होती, दुसऱ्यानं देठ, तिसऱ्या कुणीतरी दूरदेशी तिच्या जनुकांवर काम केलं होतं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. पण सगळ्यांनी आपापलं त्याच एका नंबराखाली ठेवलं होतं, म्हणून तिला ते सगळं एका जागी सापडलं. आणि त्याच्या तळाशी, वांकिडीकडचं गाव, गयाबाई.

ती गाव बघायला आली. गयाबाईच्या अंगणात बाजेवर बसली. तिला मराठी येत नव्हती, गयाबाईला इंग्रजी. आमनानं केंद्राचा तो पाच आकडी नंबर हवेत बोटानं लिहिला आणि मान वाकवून दाखवली. गयाबाईनंही मान वाकवून दाखवली. दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की तुझं भाषांतर कुणाला लागलंच नाही. मग आमनानं छातीवर हात ठेवून विचारलं, हिला इथं काय म्हणतात? गयाबाई म्हणाली, "लाजरी." आमनानं ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. तिच्या तोंडी ते "लाजिरी" झालं, आणि कुणालाही ते बिघडलं असं वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये तू मला कोपर मारलंस. "पाह्यलं? इतक्या दुरून पोरीले कोनं आनलं? नंबरानं आनलं."

"आणि आल्यावर तिनं काय विचारलं?" मी म्हटलं. "नाव विचारलं."

आपण आदिलाबाद येईपर्यंत भांडलो. किती सुंदर संध्याकाळ होती ती.

दवाखान्यातही तू हेच केलंस. वॉर्डात दुसरी एक वत्सला होती आणि तिची गोळी तुझ्याकडे येता येता राहिली, कारण नर्सनं खाटेचा नंबर पाहिला. श्वास लागत असताना तू मला खुणेनं जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता काहीतरी शेवटचं सांगणार. तू म्हणालीस, "लिहून ठेव. नंबरानं वाचली." मी म्हटलं, "गप्प बस." तू हसलीस. मला त्या वेळी तुझा हात धरून सांगायचं होतं की तू मला कणसांसाठी नेलंस आणि अख्खा जिल्हा दिलास. ज्या बांधांवरून माझी आई खाली बघत गेली, त्या बांधांवरून मी तुझ्याबरोबर मोठ्यानं हसत गेले. पण तू हसत होतीस, आणि तुझं हसणं मोडायला मी कधीच तयार नव्हते. आता ऐक.

काल मात्र एक गंमत झाली. ओसरीवर पुन्हा ती "शांत स्वभावाची" वाक्यं सुरू झाली. तुझी लेक मेघा कोपऱ्यात बसली होती, सुजलेल्या डोळ्यांनी. मला म्हणाली, "सुमामावशी, तू तरी खरं काहीतरी सांग ना."

तुझ्या सासूबाई भिंतीला टेकून होत्या. तू गेल्यापासून त्यांनी कुणाशी शब्द बोललेला नव्हता, जेवणही नावालाच. त्यांच्यासमोर बोलावं की नाही, कळेना. पण मेघाचा चेहरा पाहिला आणि मी सांगून टाकलं, ते निर्मलच्या घाटातलं.

तुझ्या घरच्यांबरोबर आपण एका लग्नाहून परत येत होतो. बस वळण घेत असताना तुला उतारावर रानज्वारी दिसली, आणि तू "उलटी, उलटी!" म्हणून ओरडून बस थांबवलीस. ड्रायव्हर घाबरून थांबला, तू पदर खोचून थेट उतारावर. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, उलटी करायला एवढ्या लांब कशाला?" तू वर आलीस ती हातात कणसं घेऊन, केसांत काटे घेऊन, आणि बसला विचारलंस, "या जागेचं नाव काय? मले लिहायचं हाय." मग कुणी म्हणालं लॉरी पडली ते वळण, कुणी म्हणालं मारुतीच्या खालचं, कुणी म्हणालं माकडांचा पिंपळ. निम्मी बस खाली उतरून भांडायला लागली. शेवटी ड्रायव्हर वैतागून दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून आला, आणि तू भर रस्त्यात त्याला वाकून नमस्कार केलास. लग्नासाठी घेतलेली नवी साडी नेसून!

ओसरीवर आधी मेघा हसली. मग कॉलेजचे सर हसले, मग त्यांना हसल्याची लाज वाटून ते आणखी हसले. शेजारच्या बाईनं "अवं, घरात असं झालंय" म्हणून डोळे वटारले आणि मी जीभ चावली.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. बसलेला, खरखरीत, पण ठणठणीत.

"सुमित्रा, पुरं सांगत जा ना व," तुझ्या सासूबाई म्हणाल्या. "ते उतारावर उतरली तवा तिची थैली कोनं धरली होती? मी धरली होती. थे बी सांग."